खिडकीतली कोथिंबीर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून माझ्या खिडकीतल्या भाजीविषयी घरी बोलते तसेच चार शब्द बोलते. चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई निफाडकडचे घर सोडून नाशिकला आमच्याकडे आल्या. सारा जन्म मळ्यात गेलेला. आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, गॅलरी नाही. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवेना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत. जेवण दोन घासांवर आले. माझ्याच हातून काही कमी पडते आहे, असे मला वाटे.

त्यांचे मन रमावे म्हणून मी एका फुटक्या टबात धने पेरले, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि दोन्ही वेळा पाणी घातले. वीस दिवसांत काही उगवले नाही. मातीला मात्र वास सुटला. सासूबाईंनी बोटाने माती उकरून पाहिली आणि हसल्या. "अगं, आख्खे धने पेरलेस, उजेड नाही, वर बुडवून मारलेस!" आमच्याकडे आल्यापासून त्या प्रथमच हसल्या.

मग त्यांनी शिकवले ते सांगते. धने वाटीखाली रगडून दोन फाकी कराव्या, रात्रभर भिजवावे. निम्मी माती, बाकी शेणखत आणि थोडी वाळू घ्यावी. टबाला खाली भोके हवीतच. थंडीत कोथिंबीर उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, धीर सोडू नये. मेथी चार-पाच दिवसांतच वर येते. लसणीच्या पाकळ्या टोक वर करून लावाव्या. पात दोन-तीनदा कापता येते. पुदिन्याची काडी पेल्यात पाण्यात ठेवावी, मुळ्या फुटल्या की मातीत लावावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीत येते. टब तिथेच ठेवावे. रोपे उजेडाकडे झुकतात, तेव्हा टब रोज थोडे फिरवावे. बोटाचे एक पेर माती कोरडी लागली, तरच सकाळी पाणी घालावे.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "थंडीत बाजारात भाजी स्वस्त, मग ही खटपट कशाला?" त्यांचे खरेच आहे. माझ्या टबांत आमटीवर घालण्यापुरतेच निघते. पण सासूबाई रोज सकाळी भिंतीला धरून खिडकीपाशी जाऊ लागल्या. टब फिरवायचे काम त्यांनी मला करू दिले नाही. भोगीच्या दिवशी लसणीची पात त्यांनी स्वतः कापली, बसल्या जागी ठेचा केला आणि बाजरीची अख्खी भाकरी खाल्ली. मी पाटाशी बसून पाहत होते. डोळ्यांत पाणी आले ते ठेच्याचे म्हणून सांगितले.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी गावाकडून आलेली वडीलधारी माणसे आहेत. आपण त्यांना औषध देतो, ताट वाढतो. काम मात्र देत नाही. येत्या थंडीत एक टब त्यांच्या हाती द्या, आणि चुकलेच तर त्यांचे बोलणे ऐकून घ्या. धने ज्यांना हवे असतील त्यांनी माझ्याकडून न्यावे. सासूबाईंनी पुडी बांधून दिली आहे.