हौशी छायाचित्रे आणि बेळ्ळंदूरचे तळे

सहलीत टिपलेली छायाचित्रे पूर्वी अल्बममध्ये चिकटवून घरी आलेल्या पाहुण्यांना दाखविली जात. आज तीच मोबाइलवरून क्षणार्धात मित्रांच्या हाती पडतात. हा छंद केवळ करमणुकीचा मानला जातो. परंतु बेंगळूरच्या बेळ्ळंदूर तळ्याकाठी त्याला निराळेच महत्त्व प्राप्त झाले.

शहरातील या सर्वांत मोठ्या तळ्यात वर्षानुवर्षे प्रक्रिया न केलेले सांडपाणी येत राहिले. त्यात धुण्याच्या पावडरींचे अंश असतात. जोराच्या पावसात हे पाणी घुसळले जाऊन सांडव्यावरून कोसळते, तेव्हा त्याचा फेस होतो. मे २०१५ मध्ये यमलूरजवळ हा फेस रस्त्यावर आला आणि त्याने पेटही घेतला. रहिवाशांनी टिपलेली छायाचित्रे मित्रमंडळींतून देशभर आणि परदेशांतही पोहोचली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तळ्यात पुन्हा आग लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली.

मात्र छायाचित्राला वास नसतो. दुरून पाहणाऱ्याला तो फेस बर्फासारखा शुभ्र आणि मोहक वाटतो. म्हणून हौशी छायाचित्रकाराने चित्राखाली स्थळ, तारीख आणि दोन ओळींची हकीकत अवश्य लिहावी. एकाच जागेवरून दर ऋतूत एक चित्र घेतल्यास तळ्याचा ऱ्हास किंवा सुधारणा मित्रांच्या संग्रहात आपोआप नोंदली जाते. सहलीची आठवण त्यामुळे राहतेच. प्रसंगी ती साक्षीलाही उपयोगी पडते.