खेळांतले राजे आणि त्यांचे वारस

राजा गेला कीं राज्य कोणाचें, या प्रश्नानें जगाच्या इतिहासाचीं कितीतरी पानें रक्तानें माखलेलीं आहेत. कोठें वडील मुलाचा हक्क मानला गेला, कोठें भाऊबंदांत तरवार चालली, तर कोठें सरदारांनीं एकत्र बसून आपल्या सोयीचा राजा निवडला. हाच प्रश्न आजच्या तरुण मंडळींच्या खेळांतहि उभा राहतो, हें ऐकून घरांतील वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. संगणकाच्या पडद्याकडे तासचे तास टक लावून बसलेला मुलगा राक्षस मारीत असावा, अशी त्यांची समजूत असते. पुष्कळदां ती खरीहि असते. पण कधीं कधीं तो एकाद्या जुलमी सत्तेविरुद्ध बंड करीत असतो, आणि बंड यशस्वी झाल्यावर गादीवर कोणाला बसवावें या विवंचनेंत असतो.

या ऑनलाइन खेळांचें स्वरूप थोडक्यांत असें: एक काल्पनिक देश रचलेला असतो आणि हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच वेळीं त्यांत वावरतात. प्रत्येकजण एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी कारागीर. नाटकांतहि सोंगें असतात. पण नाटकाचा शेवट लेखकानें ठरविलेला असतो, येथें तो कोणीच ठरविलेला नसतो. एक खेळाडू निजावयास गेला तरी देशाचा व्यवहार थांबत नाहीं. त्यामुळें तेथें बाजार भरतो, कर बसतो, मैत्री जुळते, फितुरी होते, आणि ओघानेंच राज्यें उभीं राहतात व कोसळतात.

पहिली गोष्ट १९९७ सालची. अमेरिकेंत ऑस्टिन शहरीं ‘ओरिजिन सिस्टिम्स’ या कंपनीनें ‘अल्टिमा ऑनलाइन’ नांवाचा खेळ तयार केला. त्यांतील देशाचें नांव ब्रिटानिया आणि राजाचें नांव लॉर्ड ब्रिटिश. राजाचें सोंग खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतःच घेत. खेळ विक्रीस येण्यापूर्वीं त्याची चांचणी चालू असतां, ऑगस्ट महिन्यांत, महाराज प्रजेला दर्शन देण्यास निघाले. त्यांना कोणत्याहि शस्त्रानें इजा होऊं नये अशी तजवीज केलेली होती. परंतु मध्यंतरीं यंत्र बंद पडून पुन्हां सुरू झालें, आणि ती तजवीज पुन्हां लावण्याचें राहून गेलें. गर्दींतील एका खेळाडूनें मंत्रानें आग पेटविली आणि सर्वांच्या देखत महाराज गतप्राण होऊन पडले.

मग गादीवर कोण बसलें? कोणीच नाहीं. लॉर्ड ब्रिटिश पुन्हां जिवंत झाले. ज्यानें त्यांना मारलें त्याला मात्र चांचणींतून काढून टाकण्यांत आलें. त्यानें पूर्वीं खेळांतील दोषांचा गैरफायदा घेतला होता, असें कारण देण्यांत आलें. राजा मेला, पण राज्य होतें तेथेंच राहिलें. या राजाची सत्ता त्याच्या मुकुटांत नव्हतीच. ती खेळ चालविणाऱ्या यंत्रांत आणि त्या यंत्राच्या मालकींत होती. आग यंत्रापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून त्या घटनेला राजवध म्हणतां येईल, राज्यक्रांति म्हणतां येणार नाहीं.

खरीखुरी राज्यक्रांति घडली ती कोरियांत, आणि तिच्याआधीं वारसाहक्काचा प्रश्न तेथें वेगळ्याच रीतीनें मांडला गेला होता. १९९८ सालीं ‘लिनिएज’ नांवाचा खेळ दक्षिण कोरियांत सुरू झाला. या शब्दाचा अर्थच वंश. शिन इल-सुक या चित्रकर्तीच्या चित्रकथेवर तो आधारलेला होता. गादी बळकावून बसलेल्या राजाविरुद्ध खरा वारस असलेला राजपुत्र उभा राहतो, असें तिचें कथानक. खेळांतहि राजपुत्राचें किंवा राजकन्येचें सोंग घेणारासच टोळी स्थापन करतां येई. टोळीला दिलेल्या कोरियन नांवाचा अर्थ ‘रक्ताची शपथ’. किल्ला पडला तरी आंतील मुकुट राजकुळांतल्या हातानेंच उचलावा लागे. मौज अशी कीं, हें पात्र लढाईंत दुबळें असे. म्हणजे हक्क एकाचा आणि मनगट दुसऱ्याचें. दोघांनीं एकमेकांना सांभाळल्याखेरीज राज्य मिळत नसे, आणि मिळालेलें टिकत नसे.

२००३ सालीं याच खेळाची दुसरी आवृत्ति आली, आणि तींत राजकुळाची अट राहिली नाहीं. थोड्याशा पायऱ्या चढलेला कोणीहि टोळीचा नायक होऊं लागला. ठराविक दिवशीं किल्ल्यांना वेढे पडत. वेढ्याच्या वेळांत ज्या टोळीचा नायक किल्ल्यांतील पवित्र पाषाणावर आपली मुद्रा उमटवी, तिचा किल्ला. किल्ला हातीं आला कीं त्याच्या मुलुखांतील दुकानांवर कर बसविण्याचा अधिकार मिळे. वंश गेला, बळ आलें. वरवर पाहतां ही मोठीच समता होती.

खेळाच्या या देशाच्या अनेक स्वतंत्र प्रती निरनिराळ्या यंत्रांवर चालत. त्यांपैकीं ‘बार्ट्झ’ नांवाच्या प्रतींत ‘ड्रॅगन नाइट्स’ या टोळीचा अंमल बसला. तिनें व तिच्या मित्रटोळ्यांनीं किल्ले घेतले आणि कर शेंकडा १० वरून १५ वर नेला. ज्या रानांत शिकार केल्यानें द्रव्य व सामर्थ्य मिळे, तीं रानें त्यांनीं आपल्याच लोकांसाठीं राखून ठेविलीं. दुसरा कोणी शिरला तर तो मारला जाई. शिकार नाहीं म्हणून शक्ति नाहीं, आणि शक्ति नाहीं म्हणून शिकार नाहीं, अशा चक्रांत सामान्य खेळाडू सांपडला.

२००४ सालीं ‘लाल क्रांति’ असें नांव धारण करणाऱ्या एका टोळीनें गिरानचा किल्ला घेतला आणि तेथील कर साफ माफ केला. हा आनंद फार दिवस टिकला नाहीं. प्रबळ टोळीनें सूड उगवून किल्ला परत घेतला. परंतु कराशिवायहि राज्य चालूं शकतें हें एकदां डोळ्यांनीं पाहिलेली रयत पूर्वींसारखी मुकाट राहीना. लहानमोठ्या टोळ्यांनीं जूट केली. बातमी इतर प्रतींतील खेळाडूंपर्यंत गेली, आणि ते आपापलीं बलाढ्य पात्रें बाजूला ठेवून बार्ट्झमध्यें नवीं, अगदीं खालच्या पायरीचीं पात्रें घेऊन शिरले. अंगांत चिलखत नाहीं, हातांत हाडाचा सुरा. लोक त्यांना ज्या नांवानें ओळखूं लागले त्याचें मराठी ‘गंजीफ्राकाची पलटण’ असें करावें लागेल. यांतील एकेकटा शत्रूच्या एका फटक्याचा धनी नव्हता. पण शेंकडों जण वाट अडवून उभे राहिले, मेले, आणि पुन्हां उठून त्याच वाटेवर आले, तेव्हां बलाढ्य योद्ध्यांचाहि दम निघाला. त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत आदेनचा मुख्य किल्ला पडला.

कथा येथें संपती तर ती मुलांच्या पुस्तकांत शोभली असती. पण किल्ला हजारोंनीं घेतला असला तरी पाषाणावर मुद्रा एकाच टोळीची उमटते. आतां मुद्रा कोणाची? कराचें उत्पन्न कोणाला? मोकळीं झालेलीं रानें कोणाच्या वांट्याला? जुलूम नको, यावर सर्वांचें एकमत होतें; जुलमानंतर काय हवें, हें मात्र ठरलेलें नव्हतें. मोठ्या टोळ्या आपसांत भांडूं लागल्या. किल्ल्यासाठीं मरण्याच्या कामीं आलेली गंजीफ्राकाची पलटण वांटणीच्या वेळीं कोणाला आठवली नाहीं. ती निराश होऊन पांगली. पराभूत टोळी ‘उद्दामपणाचा मनोरा’ नांवाच्या ठिकाणीं जाऊन शांतपणें बळ वाढवीत राहिली होती. जेत्यांची दुही पाहून ती बाहेर आली, आणि गमावलेलें पुष्कळसें तिनें परत मिळविलें. हा झगडा कमीअधिक प्रमाणांत २००८ पर्यंत धुमसत राहिला.

या हकीकतीवरून एक गोष्ट ध्यानांत येते. वंशपरंपरेला नांवें ठेवणें सोपें आहे, आणि ती ठेवलींहि पाहिजेत. परंतु ‘यानंतर कोण’ या प्रश्नाला तिच्यापाशीं तयार उत्तर असे. तें उत्तर पुसून टाकणाऱ्यानें त्या जागीं दुसरें लिहून ठेवावें लागतें, आणि तेंहि लढाईच्या आधीं. कारण विजयाच्या दिवशीं जो तो आपला वांटा मोजण्यांत गुंतलेला असतो. बार्ट्झच्या बंडखोरांपाशीं धैर्य होतें, संख्या होती, न्याय्य तक्रार होती. करमाफीचा जाहीरनामा निघाला. वारसाचा निघाला नाहीं.

तथापि हें बंड वायां गेलें असें म्हणवत नाहीं. कोरियन कादंबरीकार ली इन-ह्वा यांनीं २००५ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें आणि २०१२ सालीं तेथील एका कलासंग्रहालयांत त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरलें. आदेनच्या पाषाणावर कोणाकोणाच्या मुद्रा उमटल्या याची यादी आज फारसें कोणी सांगत नाहीं. हाडाचा सुरा घेऊन उघड्या अंगानें वाट अडविणारे ते नवशिके मात्र सर्वांना आठवतात. खेळांतील मरण खोटें होतें हें खरें. पण आपली घडी घटकेची करमणूक सोडून, ज्यांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं अशा परक्यांसाठीं पुन्हां पुन्हां मरावयास जाण्याची त्यांची बुद्धि खोटी नव्हती. पडद्याकडे टक लावून बसलेल्या मुलाला जेवावयास हांक मारण्यापूर्वीं, तो कोणत्या बाजूनें लढत आहे, एवढें एकदां विचारून पाहण्यास हरकत नाहीं.