साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील कॅमेरा



केंब्रिज विद्यापीठात सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले. मुंबईत त्यांचे जे स्वागत झाले, त्याचे चित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी आपल्या कॅमेऱ्याने केले. भारतीय अनुबोधपटाचा इतिहास सांगताना या चित्रणाचा उल्लेख आवर्जून होतो. पारतंत्र्यातील समाजाला आपल्या माणसाचा गौरव जपून ठेवावासा वाटला आणि त्यासाठी हे नवे यंत्र उपयोगी पडले. म्हणजे हे माध्यम आपल्याकडे प्रथमपासूनच नोंद ठेवणारे माध्यम म्हणून रुजले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. मुख्य चित्रपटापूर्वी दाखवल्या जाणाऱ्या तिच्या अनुबोधपटांतून आणि वार्तापटांतून दोन-तीन पिढ्यांनी देश पाहिला. धरणे, पोलादाचे कारखाने, लोककला, थोर पुरुषांची चरित्रे असा मोठा ठेवा त्या संस्थेने निर्माण केला. आता ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. तिचे ऋण मान्य करूनही एक मर्यादा सांगितली पाहिजे. निर्माते सरकार आणि वितरकही सरकारच. शासनाने आपल्या कर्तृत्वाची नोंद ठेवली; पण शासनाच्याच हातून ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांची नोंद कोणी ठेवायची?

या प्रश्नाचे पहिले मोठे पडसाद न्यायालयात उमटले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये 'चार शहर, एक कहानी' हा लघुपट केला. कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली या शहरांतील वैभव आणि दैन्य शेजारी शेजारी मांडणारा तो लघुपट होता. मुंबईतील वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून त्यांचा परीक्षण मंडळाशी वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेशी सुसंगत ठरवली. परंतु ती मनमानी असता कामा नये, तिला निश्चित निकष असले पाहिजेत, असेही बजावले. चित्रपट आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांविषयीचा आपल्याकडील हा पायाभूत निकाल एका लघुपटामुळे मिळाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यानंतरचे प्रकरण येथे जमलेल्या अनेक कुटुंबांच्या आठवणींना स्पर्श करणारे आहे. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखालील मोर्चावर लाठ्या चालल्या. जयप्रकाशजींवरील घाव नानाजी देशमुखांनी स्वतःच्या अंगावर घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्या आंदोलनाचे चित्रण आनंद पटवर्धन या तरुणाने उसन्या आणलेल्या, आठ मिलिमीटर फितीच्या छोट्या कॅमेऱ्याने केले. ते पडद्यावर दाखवून सोळा मिलिमीटरच्या फितीवर पुन्हा उतरवण्यात आले. त्यातून 'क्रांती की तरंगें' हा माहितीपट तयार झाला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली आणि हा माहितीपट भूमिगत झाला. त्याची प्रत तुकडे करून देशाबाहेर नेण्यात आली आणि तेथे जोडून दाखवण्यात आली. आणीबाणी उठल्यावर, १९७८ मध्ये, पटवर्धनांनी राजकीय बंदिवानांवर 'प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स' हा माहितीपट केला.

येरवड्याच्या तुरुंगात त्या काळी बाळासाहेब देवरसांपासून सामान्य स्वयंसेवकापर्यंत आणि समाजवाद्यांपर्यंत अनेक जण स्थानबद्ध होते. घरोघरी चूल कशी पेटली, मुलांची शिक्षणे कशी झाली, हे त्या माउलींनाच ठाऊक. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आकाशवाणी शासनाची होती. एकवीस महिन्यांच्या त्या कालखंडाची जी स्वतंत्र चित्रनोंद उरली, तिचे मोल म्हणूनच मोठे आहे. पटवर्धनांचे पुढील माहितीपट हिंदुत्वाच्या चळवळीवर कठोर टीका करणारे आहेत आणि या सभागृहातील बहुतेकांना ते पटणारे नाहीत. मतभेद जरूर मांडावेत, तीव्रतेने मांडावेत. पण १९७५ मध्ये ज्या अधिकारासाठी लोक तुरुंगात गेले, तो अधिकार आपल्याला प्रिय असलेल्या माणसांपुरता मागितला नव्हता, याचेही स्मरण ठेवावे लागेल.

शासनाचा पक्ष बदलला म्हणून शासनाची वृत्ती बदलते असे नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, लक्षावधी बाधित झाली. तपन बोस, सुहासिनी मुळे आणि सलीम शेख यांनी त्यावर 'भोपाळ : बियाँड जेनोसाइड' हा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र दूरदर्शनने तो दाखवण्यास नकार दिला. विषय जुना झाला, मांडणीत संयम नाही, ती समतोल नाही, नुकसानभरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत, अशी कारणे दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ती ग्राह्य धरली नाहीत. केवळ शासनावर टीका आहे म्हणून शासकीय माध्यमाला एखाद्या माहितीपटास नकार देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

'विषय जुना झाला' या कारणाकडे थोडे थांबून पाहावे. भरपाईबाबत ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९ मध्ये झाली. ती वाढवून मिळावी ही केंद्र सरकारची याचिका २०२३ मध्ये फेटाळली गेली. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवण्यास २०२५ चा जानेवारी उजाडला. चाळीस वर्षे जो विषय संपला नाही, तो दोन-चार वर्षांत जुना झाल्याचे कार्यालयातील अधिकाऱ्याला वाटले. पीडितांच्या दृष्टीने काळ वेगळ्या गतीने चालतो. तो काळ धरून ठेवणे हे अशा माहितीपटाचे काम आहे.

मात्र कॅमेरा साक्षीदार असेल, तर साक्षीदाराची उलटतपासणीही झाली पाहिजे. पडद्यावर दिसते तेवढेच सत्य, असे मानणारा प्रेक्षक फसतो. पन्नास तासांच्या चित्रणातून एक तास निवडला जातो, तेव्हा उरलेले एकोणपन्नास तास कोणीतरी बाजूला ठेवलेले असतात. म्हणून काही प्रश्न सोबत घेऊनच बसावे. बोलणारा माणूस पुरते बोलू शकला, की त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडले? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले गेले काय? पार्श्वसंगीत काढून टाकले, तर पुरावा म्हणून काय शिल्लक राहते? आणि ज्यांचे दुःख दाखवले, त्यांची त्यास संमती होती काय? आपल्याला आवडणाऱ्या चित्रपटालाही हेच प्रश्न विचारले, तरच ती तपासणी प्रामाणिक म्हणता येईल.

काश्मीरचे उदाहरण घ्यावे. १९९० मध्ये खोरे सोडावे लागलेल्या पंडित समाजातील अजय रैना यांनी आपल्या गावी परत जाऊन, तुटलेल्या नात्यांचा शोध घेणारा माहितीपट केला. त्याच समाजातील संजय काक यांनी २००७ च्या 'जश्न-ए-आझादी'त खोऱ्यातील 'आझादी'च्या मागणीची बाजू मांडली. दुसरा पाहून अनेकांना संताप आला, तो समजण्यासारखा आहे. पण एका साक्षीला उत्तर दुसऱ्या साक्षीने द्यायचे असते. प्रक्षेपक बंद पाडल्याने आपल्या बाजूचा एकही पुरावा वाढत नाही. विस्थापित पंडितांच्या छावण्यांचे, तेथील वृद्धांच्या कथनांचे चित्रण वेळीच भरपूर झाले असते, तर त्यांची बाजू जगापुढे किती आधी आणि किती ठामपणे गेली असती! ते वृद्ध आता एकेक करून जात आहेत.

येथे कार्यकर्त्याच्या कामाचा प्रश्न येतो. वनवासी पाड्यावर, भटक्या-विमुक्तांच्या पालावर, ऊसतोडणी कामगारांच्या कोपीवर सेवाकार्य करणारे शेकडो जण आहेत. प्रत्येकाच्या खिशात आज सावेदादांच्या यंत्रापेक्षा कितीतरी समर्थ कॅमेरा आहे. त्यातून बहुधा उद्घाटने, सत्कार आणि हार-तुरे टिपले जातात. विहिरीसाठी तीन मैल चालणारी बाई, जातीचा दाखला नसल्याने शाळेबाहेर राहिलेला मुलगा, धरणात जमीन जाऊनही पुनर्वसनाची वाट पाहणारा शेतकरी यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि गाव यांसह, मध्ये न बोलता नोंदवून ठेवले, तर ते उद्या तहसीलदारासमोरही उपयोगी पडेल आणि इतिहासकारालाही. या कामाला मोठे भांडवल लागत नाही. ऐकण्याची चिकाटी लागते. आणि समोर आलेले सत्य आपल्या सरकारला, आपल्या संस्थेला अडचणीचे ठरले, तरी ते पुसून न टाकण्याचे धैर्य लागते.