परक्या अंगणातील सेवा

(राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणे येथे आरोग्यसेवेच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गुंजवण्यातून वर पाहिले की राजगडाची पद्मावती माची दिसते आणि चोरदिंडीकडे चढत जाणारी वाट दिसते. त्या माचीवर महाराणी सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली, अफजलखानाचे संकट दाराशी असताना, त्यांनी याच गडावर आजारपणात देह ठेवला. स्वराज्याच्या राजधानीतही व्याधीपुढे माणसाचा इलाज चालला नाही. पुढे साडेतीन शतके लोटली, तरी या मावळातील वाड्यावस्त्यांचा अनुभव फार बदलला नव्हता. पावसाळ्यात ओढे फुगले की बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस झोळीत घालून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागे. काही दुर्गम वाड्यांवर अजूनही तशी वेळ येते.

अशा गावात बसून आफ्रिकेतील रुग्णालयांचा विषय कशासाठी काढायचा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो रास्तच आहे. कारण आज अनेक सुशिक्षित घरांतील तरुण डॉक्टर आणि परिचारिका काही आठवड्यांसाठी आफ्रिकेत सेवेला जाण्याचा विचार करतात. घरची मंडळी विचारतात, ‘‘आपल्या वेल्ह्याला माणूस मिळत नाही, आणि तू तिकडे कशाला?’’ या प्रश्नाला बगल देऊन सेवेचा विचार पूर्ण होणार नाही.

सोलापूरचा मुलगा, नागपूरचे डॉक्टर

महाराष्ट्राला या प्रश्नाचा एक जुना दाखला ठाऊक आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला वैद्यकीय साहाय्य म्हणून भारतातून पाच डॉक्टर गेले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल. त्यांच्यासोबत डॉ. बसू, डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. भारत तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता. कोटणीसांचे घर मध्यमवर्गीय होते. मुलगा नुकताच डॉक्टर झालेला, आता तो घराला हातभार लावील अशी अपेक्षा. अशा वेळी तो परदेशी निघाला. चीनमध्ये असताना वडील गेल्याची वार्ता आली. परत जाण्याचा सल्ला मिळाला, तरी ते परतले नाहीत.

कोटणीसांची शल्यक्रिया सर्वांना ठाऊक आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट मात्र सांगितली जात नाही. ते चिनी भाषा शिकले. त्या भाषेत त्यांनी स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवले आणि त्यांच्यासाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. मागे राहिले ते त्यांनी तयार केलेले हात. पाहुणा म्हणून गेलेला माणूस गेल्यानंतरही काम चालू राहते की नाही, हीच परदेशी सेवेची कसोटी आहे.

रिकामी फडताळे

आता आफ्रिकेकडे वळू. आफ्रिका हा एक देश नव्हे. त्यात पन्नासांहून अधिक देश आहेत आणि त्यांची स्थिती सारखी नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या अहवालातील एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यानुसार जगातील रोगभाराचा सुमारे २४ टक्के वाटा आफ्रिका विभागावर होता, आणि जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के तिथे होते.

ही दशा केवळ निसर्गामुळे आलेली नाही. १९८०च्या दशकात अनेक नवस्वतंत्र राष्ट्रे कर्जात बुडाली. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी खर्चकपातीच्या अटी घातल्या, आणि त्या कपातीची कुऱ्हाड दवाखाने व शाळांवर कोसळली. जिथे उपचार मोफत होते तिथे शुल्क आले. शिकलेल्या परिचारिका चांगल्या पगारासाठी इंग्लंडकडे वळल्या. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले, तेव्हा गरिबांची गर्दी झपाट्याने वाढली. म्हणजे तोवर ही माणसे आजारी नव्हती असे नव्हे. ती घरीच सोसत होती. त्याच वर्षी आफ्रिकी राष्ट्रांनी अबुजा येथे अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचा संकल्प केला. तो मोजक्याच देशांना कधीमधी पाळता आला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय साहाय्य एकाएकी गोठवले, तेव्हा परक्या पैशावर उभी असलेली किती केंद्रे एका सहीने डळमळू शकतात, हे जगाने पाहिले.

बाहेरून आलेला स्वयंसेवक अशा जिल्हा रुग्णालयात शिरतो तेव्हा त्याला हे सारे अर्थशास्त्र खाटांवर निजलेले दिसते. एका खाटेवर दोन बालके असतात. हातमोजे, टाके घालण्याचा धागा, सलाइन या वस्तू नातलगांनीच बाहेरून विकत आणायच्या असतात. मलावीसारख्या देशात रुग्णाचे जेवण, आंघोळ, कपडे हे सारे सोबतचा नातलगच पाहतो. रुग्णालयाच्या आवारात तीन दगडांच्या चुली पेटतात आणि बायका मक्याच्या पिठाचे ‘न्सिमा’ रटरटत ठेवतात. काही देशांत बिल भागले नाही म्हणून बरा झालेला रुग्ण, प्रसंगी बाळंतीणसुद्धा, अडकवून ठेवण्याचे प्रकार मानवाधिकार कार्यकर्त्यांनी उघड केले आहेत. वेल्ह्या-भोरच्या शेतकऱ्याने दवाखान्यासाठी बैल विकले आहेत. त्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

पाहुण्याचे पथ्य

अशा ठिकाणी उत्साही पाहुण्याकडून चुका होतात. पहिली चूक यंत्राची. श्रीमंत देशांतून दान म्हणून आलेल्या यंत्रांपैकी बरीचशी बंद पडून असतात. विजेचा दाब जुळत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती जाणणारा माणूस नसतो. देणाऱ्याला पुण्य लाभते आणि घेणाऱ्याच्या गळ्यात अडगळ पडते.

दुसरी चूक घाईची. दोन आठवड्यांत पन्नास शस्त्रक्रिया केल्या, छायाचित्रे काढली आणि विमान पकडले. पुढे एखाद्याची जखम चिघळली तर पाहायचे कोणी?

तिसरी चूक सर्वांत सूक्ष्म, ती अहंकाराची. ‘आम्ही शिकवायला आलो’ ही भावना. मोझांबिकमध्ये १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे पद्धतशीर शिक्षण दिले जात आहे. जिल्हा रुग्णालयांतील अडलेल्या बाळंतिणींच्या बहुतेक शस्त्रक्रिया तेच करत आले, आणि अभ्यासकांना त्यांचे काम डॉक्टरांच्या तोडीचे आढळले. ज्या तरुण शल्यचिकित्सकाने विजेरीच्या उजेडात कधी टाका घातला नाही, त्याने अशा माणसाजवळ आधी मुकाट्याने उभे राहून पाहावे. सेवेला गेलेल्याने प्रथम शिष्य व्हावे, हे आपल्या परंपरेला नवे नाही.

पुण्याचे ऋणानुबंध

आफ्रिकेशी पुण्याचे नाते अनेकांना वाटते त्याहून जवळचे आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात मेंदूज्वराची भयंकर साथ येत असे. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर माणसे आजारी पडली, सुमारे २५ हजार दगावली. अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीची लस हवी, अशी आफ्रिकेची मागणी होती. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना त्यात नफा दिसेना. ती लस घडली पुण्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ‘अ’ प्रकारचा हा ज्वर जवळजवळ नाहीसा झाला. ही लस शीतपेटीबाहेर ४० अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस टिकते, हे २०१२ मध्ये मान्य झाले. वीज नसलेल्या गावात पायी जाणाऱ्या परिचारिकेसाठी या चार दिवसांचे मोल केवढे आहे! २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली, तेव्हा हाच उपचार वर्षाला १० हजार डॉलरच्या घरात होता.

यात रक्ताचाही वाटा आहे. सोमालियातील बैदोआ येथे ३१ ऑगस्ट १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत असलेले भारतीय लष्कराचे तीन डॉक्टर हल्ल्यात हुतात्मा झाले. काँगोतील गोमा येथे भारतीय लष्कराने पुढे वर्षानुवर्षे रुग्णालय चालवले. सेनेच्या अशा अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांचे शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झालेले असते.

मग वेल्ह्याचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे. घरचा दिवा विझत असताना परक्याच्या अंगणात पणती का लावायची? याचे उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले. त्यामुळे नवजात बालकांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले, हे १९९९ मध्ये जगासमोर आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजातांसाठी गृहभेटींची शिफारस सर्व गरीब देशांना केली. बंग दांपत्य गडचिरोलीत राहिले. पण त्यांचे काम आफ्रिकेतल्या आईपर्यंत पोहोचले.

म्हणजे वेल्हे की आफ्रिका, हा झगडा मुळात खोटा आहे. ज्याने राजगडाच्या घेऱ्यातील वाडीवर चिखल तुडवत जाऊन ताप मोजला, तोच मलावीच्या वार्डात उपयोगी पडेल. आणि जो तिथून परतेल त्याने विजेशिवाय, यंत्राशिवाय, थोडक्या औषधांत माणूस कसा वाचवावा, ही विद्या या मावळात आणावी. मात्र क्रम चुकता कामा नये. ज्याला गुंजवण्याच्या म्हातारीचे नाव ठाऊक नाही, त्याला परक्या मुलखातील म्हातारीचे दुःख कळेल हा भ्रम आहे.

तेव्हा ज्याला जायचे असेल त्याने अवश्य जावे. जाण्यापूर्वी एक पावसाळा या खोऱ्यात काढावा. तिथे निदान काही महिने राहावे, लोकांची भाषा शिकावी आणि निघताना आपले काम करणारे दोन स्थानिक हात मागे ठेवावेत. घरच्यांनीही त्याला ‘तू तिकडे कशाला?’ एवढेच विचारू नये. ‘तिथून आमच्यासाठी काय आणशील?’ हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याच्या जाण्याने वेल्ह्याचे काही उणे होणार नाही.