महिन्यात दहा किलो? जरा थांबा, मैत्रिणींनो!



आम्ही समन्वयक गावोगाव बैठकांना जातो. बचत आणि हप्ते झाले की हल्ली वजनाचा विषय निघतो. मोबाईलवर कुणी 'महिन्यात दहा किलो कमी' असं दाखवतं. मग एखादी रात्रीचं जेवण सोडते, तर एखादी पावडरच्या डब्यासाठी गटातून कर्ज मागते. म्हणून आज यावर बोलू.

असं झटपट बारीक होणं टीव्हीनं फार गाजवलं. अमेरिकेत २००४ साली 'द बिगेस्ट लूजर' हा कार्यक्रम सुरू झाला. जाड माणसांना घरापासून लांब ठेवायचं, रोज कित्येक तास व्यायाम, खाणं मोजकं. जो सगळ्यात जास्त वजन उतरवेल त्याला बक्षीस. २००७ मध्ये तो आपल्याकडं हिंदीत 'बिगेस्ट लूजर जीतेगा' म्हणून आला. सुनील शेट्टी तो सादर करायचे.

टाळ्या वाजल्या, कॅमेरे बंद झाले. पुढं काय झालं? अमेरिकेत २००९ च्या पर्वात डॅनी केहिल जिंकले. सात महिन्यांत त्यांचं वजन १०८ किलोनं उतरलं होतं. त्यातलं ४५ किलोहून जास्त नंतर परत आलं. त्याच पर्वातल्या १४ जणांना तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं सहा वर्षांनी तपासलं. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत चढले होते. चौघं तर आधीपेक्षा जाड झाले होते.

ही माणसं आळशी नव्हती. दुष्काळात कणगी रिकामी दिसली की आपण हात आखडता घेतो ना? शरीर तसंच करतं. अन्न एकदम तुटलं की ते जपून खर्च करायला लागतं. या लोकांचं शरीर सहा वर्षांनंतरही रोज अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. पोट भरल्याचा निरोप देणारा रक्तातला घटकही खूप घटला होता. भूक जास्त आणि खर्च कमी, मग वजन चढणारच.

फार झपाट्यानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होतात, अंगातलं मांस झडतं, केस गळतात, पाळी चुकते. आणि आपलं काय? महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. नवरात्राचे नऊ दिवस, चतुर्थी, एकादशी आहेतच. घरात सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलंसुरलं खायचं. त्यात आणखी उपास धरला तर खुरपणीला बळ कुठून येणार?

वजन वाढू द्या, असं आम्ही म्हणत नाही. साखर आणि बीपी आता खेड्यातही आलेत. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध व्हावं. पण उतरवायचं ते सावकाश, आठवड्याला साधारण अर्धा किलो. ज्वारीची भाकर सोडू नका, एखादी कमी करा आणि वरण, मटकी, हुलगे, पालेभाजी वाढवा. चहातली साखर, तळण आणि बिस्किटं कमी करा. रोज अर्धा तास भरभर चाला, झोप पुरी घ्या. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, अंगावर पाजणं असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं तोडू नका.

येत्या बैठकीत एक काम करा. आशाताईंना बोलवा आणि उपकेंद्रात सगळ्यांचं रक्त, साखर, बीपी तपासून घेण्याचा दिवस ठरवा. पावडरसाठी कुणी कर्ज मागितलं तर तिच्यावर हसू नका. आधी तिला तपासणीला न्या, आणि डब्याचे पैसे शेंगदाणे, डाळी, अंडी यांच्यावर खर्च करायला सांगा.