वारापासून वसतिगृहापर्यंत : शिक्षण आणि समाज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘शिक्षण आणि समाज’ हा विषय चिटणिसांनी सुचवला. समाजशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा या विषयावर बोलणे मला सोपे जाईल, अशी त्यांची कल्पना असावी. वस्तुस्थिती उलट आहे. जो विषय माणूस तीस वर्षे शिकवतो, त्यावर थोडक्यात बोलणे त्याला फार जड जाते. म्हणून ग्रंथांपासून आरंभ न करता मी माझ्या वडिलांच्या जेवणापासून करतो.

वडील सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. मराठी चौथी झाल्यावर १९२५ साली ते पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी आले. तेथे स्वतःचे घर नव्हते आणि खाणावळीला पैसे नव्हते. आजोबांनी सात घरी त्यांचे वार लावून दिले. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी एका भटजींकडे, असा क्रम. एखादा वार सुटला, की तो दिवस चुरमुऱ्या-फुटाण्यांवर काढायचा. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांची हीच कथा असेल. वार लावून जेवलेल्या अशा मुलांतूनच पुढे शिक्षक, कारकून, स्टेशनमास्तर आणि हिशेबतपासनीस झाले, आणि त्यांतलेच कित्येक नोकरीच्या निमित्ताने परमुलखात येऊन स्थिरावले.

या कथेचा उत्तरार्ध वडील क्वचितच सांगत. त्यांच्या खेड्यातल्या शाळेत एक मुलगा होता. तोंडी हिशेबात तो वर्गात सर्वांच्या पुढे असे. मात्र बसे वर्गाबाहेर, पडवीत. चौथीनंतर त्याची शाळा सुटली. तालुक्याच्या शाळेची फी कदाचित माफ झाली असती. पण त्याला वार कोण देणार? वार बहुधा ज्याच्या त्याच्या जातीतच लागत, आणि त्याच्या जातीत दुसऱ्याचे मूल जेवू घालण्याची ऐपत कोणाच्याही चुलीला नव्हती. पुढे तो मुंबईस गिरणीत लागला, एवढेच वडिलांना कळले. ते म्हणत, “माझी बुद्धी त्याच्याहून कमी, पण माझे वार त्याच्याहून जास्त.” पुढे मी समाजशास्त्राचे जे ग्रंथ वाचले, त्यांतील पुष्कळांचे सार मला या एका वाक्यात आढळले.

शास्त्र काय सांगते, तेही थोडक्यात पाहू. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांच्या मते शिक्षण म्हणजे प्रौढ पिढीने नव्या पिढीवर केलेला समाजजीवनाचा संस्कार. घरात मूल मायेच्या नात्याने वागते. शाळेत ते प्रथमच परक्या माणसांबरोबर सर्वांना समान असलेल्या नियमाने वागू लागते. समाज टिकतो तो अशा संस्कारामुळे. हे खरेच आहे. परंतु समाज जर उतरंडीचा असेल, तर शाळा त्याबरोबर ती उतरंडही पुढच्या पिढीच्या हाती देत नाही काय?

हा प्रश्न पिएर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासरों यांनी १९६४ आणि १९७० सालच्या आपल्या ग्रंथांत नेटाने लावून धरला. घरचे बोलणे, पुस्तकांचा सहवास, वडीलधाऱ्यांच्या ओळखी, परीक्षेची रीत ठाऊक असणे, या साऱ्याला बोर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ असे नाव दिले. शाळा हे भांडवल देत नाही, मात्र परीक्षेत ते मागते. आणि ज्याच्यापाशी ते जन्मतःच आहे, त्याला बुद्धिमान म्हणून प्रशस्तिपत्र देते. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या १९६६ सालच्या मोठ्या पाहणीतही हेच दिसले, की मुलांच्या यशापयशाचे नाते शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जवळचे असते.

श्रोतेहो, हे विचार मोलाचे आहेत. परंतु त्यांचे बीज आपल्याकडे पुष्कळ आधी पडले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांवर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. वरच्यांना शिकवले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीचा फोलपणा त्यांनी दाखवला आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

ही मागणी प्रथम अमलात आणली ती एका मराठी राजाने, तीही महाराष्ट्राबाहेर. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली बडोदे संस्थानातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. त्या शाळांतून शिकणारी बहुसंख्य मुले गुजराती भाषिक होती. नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण डोळ्यांपुढे होतेच. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. साऱ्या देशातील ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात यायला २०१० साल उजाडावे लागले.

मात्र सक्तीचा कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेतो. त्याच्या पोटाचे काय? या प्रश्नाचे आपल्याकडे मिळालेले उत्तर म्हणजे वसतिगृह. विधवांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या पंडिता रमाबाई आणि महर्षी कर्वे यांना आधी निवाऱ्याची सोय करावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातीजमातींसाठी वसतिगृहे उभारली. डॉक्टर आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. आणि परत आल्यानंतर त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आरंभीच्याच कार्यात, १९२५ साली, सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले.

याच मालिकेत कर्मवीर भाऊराव पाटील येतात. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. वाराच्या प्रथेत अन्न होते, पण ते जातीच्या उंबरठ्याआत होते. भाऊरावांनी तो उंबरठाच काढून टाकला. शाळेने वरून दिलेल्या समतेच्या धड्यापेक्षा त्या पंगतीने दिलेला धडा मोठा होता, असे मला वाटते.

वडील तालुक्याच्या गावी वार लावून जेवत होते, तेव्हा सातारचे ते वसतिगृह सुरू होऊन वर्ष झाले होते. ते काही कोसांवरच होते. त्या हुशार मुलाच्या घरापर्यंत ही वार्ता पोचली नाही. वडिलांना हे पुढे पुष्कळ वर्षांनी उमगले आणि त्याची रुखरुख त्यांना अखेरपर्यंत राहिली. आपण तेव्हा लहान होतो, ही सबब त्यांनी कधी पुढे केली नाही.

देशाने त्यानंतर मोठी मजल मारली आहे. १९५१ साली शंभरांत सुमारे १८ माणसे साक्षर होती; २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ७३ झाली. हे यश थोडे नव्हे. परंतु आजचा वार निराळ्या रूपात उभा आहे. शिकवणीची भरमसाट फी, अभ्यासाला शांत खोली, अडले तर समजावून देणारे माणूस, हे आजचे वार. आपली मुले परभाषेच्या शाळेत शिकूनही पुढे जातात. ती गुणी आहेतच. पण दोन पिढ्यांपूर्वी कोणीतरी आपल्या आजोबांच्या पानात भात वाढला, तो गुणही त्यांच्या गुणपत्रिकेत मिळवलेला आहे. आणि आपल्याच इमारतीच्या रखवालदाराचे, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल जिन्याखालच्या दिव्याशी अभ्यास करते. पडवीत बसणारा तो मुलगा मला तेथे पुन्हा दिसतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी एक मागणे मागतो. आपले हे सभागृह गणेशोत्सवात, कोजागिरीला आणि नाटकाच्या दिवशी गजबजते. एरवी संध्याकाळी त्याला कुलूप असते. येथे दिवे आहेत, पंखे आहेत, बाके आहेत. हे सभागृह रोज संध्याकाळी दोन तास या मुलांच्या अभ्यासासाठी उघडावे. आठवड्याचे वार सात. सात कुटुंबांनी एकेक वार घ्यावा. त्या दिवशी त्या घरातल्या कोणीतरी येथे बसावे, अडलेले गणित सांगावे आणि मुलांपुढे पोहे-उपम्याची बशी ठेवावी.

काही सभासद विचारतील, की यात मराठीचे काय? रविवारचा मराठी वर्ग चालावा, ग्रंथालयही वाढावे. ते आपले कर्तव्यच आहे. पण नाट्यसंगीताइतकाच फुले, शाहू, सयाजीराव आणि भाऊराव हाही आपला वारसा आहे. येणारी मुले मराठी नसतील. बडोद्याची मुलेही नव्हती. आपल्या वाडवडिलांना वार देणाऱ्यांनी जात पाहिली. तीच चूक आपण भाषा पाहून करू नये.

माझे वय झाले आहे. परंतु गुरुवार रिकामा आहे. पहिला वार माझ्या नावे लिहून घ्यावा, अशी मी चिटणिसांना विनंती करतो, आणि आपली रजा घेतो.