हवेचा झोत आणि कामगाराचा कान



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आज मात्र आम्ही हवेच्या झोतावर बोलणार आहोत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते ग्रंथालयात शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या युनियनच्या एका कारखान्यात यंत्रावरचा लोखंडाचा कीस उडवण्यासाठी कामगार दिवसभर ‘हवा मारीत’. काँप्रेसरची नळी, तिला साधी तोटी, आणि आत वातावरणाच्या सातपट दाब. तोटीतून कान फाडणारी किंकाळी निघे. वीस वर्षे हे काम केलेल्या आमच्या एका सोबत्याला घरी दाराची कडी वाजलेली ऐकू येईनाशी झाली. आम्ही गाऱ्हाणे नेले, तेव्हा साहेब म्हणाले, “हवा सुटली की आवाज व्हायचाच. तो निसर्गनियम आहे.” नियम आहे, तर तो कोणता, हे पाहायचे आम्ही ठरवले.

येथे प्रतिमेपुढे उदबत्ती जळते आहे. तिच्या धुराची रेघ थोडी सरळ चढते, मग डुलते, वेटोळी घेते आणि विस्कटते. सरळ भाग तो स्तरीय प्रवाह, विस्कटलेला तो संक्षुब्ध. गिरण्यांच्या मँचेस्टर शहरात ऑसबोर्न रेनल्ड्स या प्राध्यापकाने १८८३ साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून हाच फरक दाखवला. वेग, नळीचा व्यास आणि प्रवाहीचा चिकटपणा यांच्यावरून एक अंक निघतो. नळीत तो सुमारे २,००० च्या खाली असेल तर प्रवाह सरळ राहतो. त्याच्या बराच वर गेला तर लहानसा धक्काही त्याला विस्कटायला पुरतो. आमच्या तोटीच्या झोताचा अंक त्याच्या कितीतरी पट वर जातो.

झोत बाहेर पडला की आतली हवा धावती आणि भोवतालची स्थिर. त्यांच्या सीमेवर बारीक लाट उठते, वाढते, गुंडाळते आणि तिचा भोवरा होतो. भोवरे एकमेकांत मिसळतात, फुटतात. ध्वनीहून मंद झोताचा शांत गाभा तोंडाच्या व्यासाच्या पाचसहापट अंतरावर संपतो. या खळबळीचा आवाज झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो, हे जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली गणिताने मांडले. वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती २५६ पट!

आमच्या तोटीची गोष्ट याच्याही पुढची. आतला दाब बाहेरच्या सुमारे १.९ पटीवर गेला, की तोटीच्या तोंडाशी हवा ध्वनीचा वेग गाठते आणि बाहेर फुगताना त्याच्याही पुढे जाते. सातपट दाबाची हवा पुरती फुगली तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर होतो. ध्वनीचा सुमारे ३४० मीटर. येथे एक नवल घडते. वेग इतका वाढल्यावर झोत लगेच विस्कटावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात स्वनातीत झोताच्या सीमेवरची मिसळण मंदावते. पापामोस्कू आणि रोश्को यांनी १९८८ साली हे मोजून दाखवले. त्यामुळे गाभा लांबतो आणि त्यात आघाततरंग माळेच्या मण्यांसारखे एकामागे एक उभे राहतात. सीमेवरचे भोवरे त्यांतून जाताना आवाज उठतो. तो मागे फिरून तोटीच्या ओठाशी येतो आणि तेथे नवा भोवरा जागवतो. हे चक्र जुळले, की झोत एका सुरात किंचाळू लागतो. १९५३ साली ॲलन पॉवेल यांनी या किंकाळीचा उलगडा केला.

म्हणजे साहेबांचा निसर्गनियम खरा होता, पण अर्धा. दाब उतरवा, वेग कमी करा, एका भोकाऐवजी अनेक बारीक भोके ठेवा, म्हणजे आवाज उतरतो, हेही तोच नियम सांगतो. आम्ही हे सारे कागदावर मांडून वाटाघाटीला बसलो. तीन बैठकी निष्फळ गेल्या. चौथीनंतर दाबनियंत्रक बसला, तोट्या बदलल्या, कानाला बूच मिळाले. आवाज अजून आहे, किंकाळी गेली.

आमच्या सोबत्याचे कान मात्र परत आले नाहीत. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही विद्या आम्ही दहा वर्षे आधी मिळवली असती, तर त्याला कडीचा आवाज आजही ऐकू आला असता. याची रुखरुख आम्हांला आहे.

म्हणून येथे बसलेल्या तरुण कामगारांना आमची विनंती आहे. “हे असेच असते,” असे कोणी सांगितले, तर का असते ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ग्रंथालयाची पायरी चढा.